राउसडालसारखं ढगाळ लँडस्केप करायचं असेल तर

लँडस्केप शिकणारे बरेच जण झाडं, घर, नदी, रस्ता असं सगळं आधी काढून घेतात आणि शेवटी वर जी जागा उरते तिथं निळा रंग फासून दोनचार पांढरे ढग टाकतात, मग चित्र मेल्यासारखं का दिसतंय ते कळत नाही. यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला मास्तर म्हणजे याकोब फान राउसडाल. सतराव्या शतकातला डच चित्रकार, बरोक काळातला, आणि माझं ठाम मत आहे की निव्वळ निसर्गचित्रात त्या काळच्या हॉलंडमधे त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्याच्याकडून शिकायची मुख्य गोष्ट एकच, जमिनीवर ऊन कुठं पडणार हे आकाश ठरवतं. आधी ढग, ढगामुळे सावली कुठं आणि ऊन कुठं, आणि मग त्या उन्हात काय ठेवायचं. खाली जे सांगतोय ते बहुतेक याच क्रमाने आहे.

माणूस कोण होता ते थोडक्यात, कारण त्याचा चित्रांशी संबंध आहे. जन्म हार्लेमचा, १६२८-२९ च्या सुमाराचा. वडील इसाक फ्रेमा बनवायचे, चित्रांचा धंदा करायचे आणि स्वतःही चित्रं काढायचे, काका सालोमोन तर त्या वेळचे नावाजलेले लँडस्केपवाले. म्हणजे घरातच सगळं. १६४८ मधे तो हार्लेमच्या सेंट ल्यूक गिल्डचा, म्हणजे चित्रकारांच्या संघटनेचा, सभासद झाला पण १६४६ ची तारीख टाकलेली त्याची चित्रं आहेत, तेव्हा वय जेमतेम सतरा-अठरा, आणि ती चित्रं बघून हे पोराने काढलंय असं कुणी म्हणणार नाही. १६५० च्या आसपास मित्र निकोलास बेर्खेमबरोबर जर्मनीच्या सीमेवरच्या बेंटहाइमला गेला, मग १६५६-५७ च्या सुमारास ॲमस्टरडॅमला राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. लग्न केलं नाही. मार्च १६८२ मधे वारला आणि त्याला हार्लेमला आणून सेंट बाव्हो चर्चमधे पुरलं, तेच चर्च जे त्याने आपल्या चित्रांमधे क्षितिजावर कितीतरी वेळा काढलं होतं.

त्याच्याबद्दल वाचताना एक सांभाळा. तो शेवटी कंगाल होऊन अनाथालयासारख्या ठिकाणी मेला असं जुन्या लिखाणात येतं, ते चुकीचं आहे, तो त्याचा चुलतभाऊ, सालोमोनचा मुलगा, त्याचंही नाव याकोबच आणि तोही चित्रकारच, त्यामुळे घोळ झाला. दुसरं म्हणजे तो डॉक्टर पण होता असं सांगतात. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांच्या यादीत तसं नाव आहे खरं पण त्यावर काट मारलेली आहे आणि तो हाच का यावर अजून वाद आहे, तेव्हा ते सोडून द्या आणि चित्रं बघा.

त्याच्या आधीची पिढी म्हणजे यान फान गॉयेन आणि काका सालोमोन, यांची १६३० च्या दशकातली चित्रं बहुतेक तपकिरी-करड्या एकाच सुरात असतात, ओलसर हवा, लांबवर पसरलेलं पाणी, सगळं थोडं विरघळल्यासारखं. फार सुंदर चित्रं आहेत ती, पण राउसडालने त्यात वजन आणलं. एक मोठं झाड, एक पवनचक्की, एक किल्ला असा एखादा धिप्पाड आकार तो छातीठोकपणे समोर उभा करतो, रंग गडद करतो, उजेड-अंधाराची मारामारी लावतो. बरोक म्हणजे राजवाड्यातलं सोनेरी नक्षीकाम एवढंच डोक्यात असेल तर हे बघून जरा चक्रावायला होतं, पण तोच नाट्यमयपणा इथं ढगात आणि झाडात आलेला आहे.

आता कामाला लागू. पहिलं काम ब्रश हातात न घेता करायचं. हेगच्या माउरित्सहाउसमधे त्याचं हार्लेमचं एक दृश्य आहे, १६७०-७५ च्या दरम्यानचं, मापाने लहानच, ५५.५ बाय ६२ सेंटिमीटर, आणि आख्खा मुलूख त्यात मावलाय. संग्रहालयाच्या साइटवर मोठी इमेज मिळते ती उघडा. ओव्हरव्हेनजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून हार्लेमकडे बघितलंय. समोर खाली कापड पांढरं करायची मैदानं आहेत, लिननचे लांबच लांब पट्टे गवतावर उन्हात पसरलेले, बाजूला घरं, बारीक बारीक माणसं, त्यामागे झाडीचा काळपट पट्टा, मग परत एक उजळ पट्टा आणि पार मागे गावाची रेघ, त्यात सेंट बाव्होचा मोठा आकार उठून दिसतो. हार्लेमचं लिनन त्या काळी प्रसिद्ध होतं आणि टेकड्यांमधून येणारं स्वच्छ पाणी त्या धंद्याला लागायचं, म्हणजे ही मैदानं उगाच शोभेला घातलेली नाहीत, ते गावाचं पोट होतं.

आता आकाशावर एक कागद धरा आणि फक्त खालचा भाग बघा. पट्टे दिसतात, आडवे, एक उजळ एक काळा, पण ते तसे का आहेत ते कळत नाही, कुणीतरी रंगाचे थर दिलेत एवढंच वाटतं. मग कागद काढा. वर मोठाले ढग एकावर एक चढलेले, मधे फटी, आणि लगेच डोकं जोडून घेतं की त्या फटीतलं ऊन इथं पडलंय आणि त्या ढगाची सावली तिथं. हे चारदोन वेळा करा. यात अजून एक फायदा आहे, सपाट मुलखात खोली दाखवायला डोंगर नाहीत, वळणाचा रस्ता नाही, मग तो खोली दाखवतो कशी तर याच उजळ-काळ्या पट्ट्यांनी, नजर एका उन्हाच्या पट्ट्यावरून पुढच्यावर पाय टाकत टाकत क्षितिजापर्यंत जाते.

यानंतर थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं. काडेपेटीएवढे चौकोन काढा, पेन्सिल किंवा पातळ शाई काहीही चालेल, आणि फक्त तीन टोन वापरायचे, पांढरा, मधला, काळा. क्षितिज खाली घ्या, तळापासून साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही खाली, त्याच्या हार्लेमच्या दृश्यांमधे आकाश दोन तृतीयांशाच्या वरच जातं. त्या वरच्या जागेत आधी ढगांचे दोनतीन मोठे गठ्ठे ठेवा, सुटे सुटे दहा ढग नकोत. गठ्ठे तिरके जायला हवेत, डावीकडून खालून उजवीकडे वर किंवा उलट, सरळ आडवे ठेवले की चित्र झोपतं. मग सूर्य कुठल्या बाजूला आहे ते ठरवा, तो चित्राच्या बाहेरच असणार, आणि मगच जमिनीवर सावलीचे पट्टे टाका. फोरग्राउंडला बहुतेक वेळा सावली द्यायची, तो हे वारंवार करतो, जवळची जमीन काळपट असली की मधला उन्हाचा पट्टा आपोआप पेटतो. असे बरेच चौकोन भरा आणि त्यातला लांबून पाहिला तरी कळणारा एक निवडा. या पायरीला कंटाळून डायरेक्ट कॅनव्हासवर गेलात तर पुढे कितीही मेहनत घेतली तरी ते सावरत नाही.

ढगांचं जरा सविस्तर बोलतो कारण सगळा खेळ तिथंच आहे. त्याचे ढग म्हणजे बहुतेक क्युम्युलस, वरून फुगलेले आणि बुडाला चपटे. बुडाशी चपटे हे विसरू नका, कापसाचे गोळे होतात ते तिथंच चुकल्यामुळे. दुसरं, ढगांनाही पर्स्पेक्टिव्ह असतं. आपल्या डोक्यावरचे ढग मोठे, त्यांच्यात अंतर जास्त, आणि क्षितिजाकडे जाल तसे लहान, चपटे, एकमेकांना चिकटलेले होत जातात. जमिनीवरच्या पट्ट्यांची रचना आणि ढगांच्या रांगांची रचना अशी दोन्हीकडून क्षितिजाकडे धाव घेते. तिसरं, कडा. प्रत्येक ढगाची प्रत्येक कड कडक ठेवायची नाही, जिथं ऊन थेट लागतंय आणि मागे निळं किंवा काळपट आहे तिथं एखाददुसरी कड धारदार, बाकी सगळ्या ब्रशने मऊ करून आजूबाजूच्या रंगात सोडून द्यायच्या.

रंगात म्हणाल तर ढगाच्या सावलीला ट्यूबमधला काळा-पांढरा मिसळून केलेला करडा नको, तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना पांढऱ्यात मिसळून करडा करा, निळा जास्त घातला तर थंड, सिएना जास्त घातलं तर उबदार, म्हणजे एकाच मिश्रणातून सगळे करडे निघतात. उन्हाच्या बाजूला पांढऱ्यात किंचित यलो ऑकर. आणि स्वच्छ निळा फक्त फटींमधे, थोडासाच, तोही वरच्या बाजूला जास्त आणि खाली येताना फिकट, जरा पिवळसर. सगळ्यात पांढरा रंग एकाच ढगाच्या एकाच ठिकाणी ठेवा. दोन ठिकाणी ठेवला की ते आपसात भांडतात.

तैलरंगात करणार असाल तर कॅनव्हासला आधी रॉ अंबर आणि ऑकरचा पातळ थर देऊन तो वाळू द्या, पांढऱ्या कॅनव्हासवर थेट ढग काढले तर ढग पांढरे दिसतच नाहीत कारण सगळंच पांढरं असतं. त्या काळचे डच चित्रकारही रंगीत ग्राउंडवर, म्हणजे असा रंगीत थर आधी देऊन त्यावर, काम करायचे आणि आकाश पातळ लावून तो खालचा उबदार रंग मधूनमधून दिसू द्यायचे. आकाश आधी करायचं, ओल्यात ओलं, म्हणजे खालचा रंग वाळायच्या आत पुढचा लावत, शक्यतो एका बैठकीत, पण मोठा आकार जिथं येणार आहे, म्हणजे चक्की, झाडाचं खोड, किल्ला, तेवढी जागा साधारण राखून ठेवायची. फांद्यांचे शेंडे आणि पानं मात्र आकाश वाळल्यावर त्याच्यावर चढवायची. जलरंगात क्रम हाच, फक्त सगळ्यात पांढरी जागा कागदाचीच राखावी लागते, आणि ओल्या कागदावर काम करताना ढगाचं बूड वाहून जाणार नाही एवढं बघा.

आकाश जमलं की मोठ्या आकाराकडे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं वाइक बाय ड्यूरस्टेडेची पवनचक्की हे चित्र समोर ठेवा, १६६८-७० च्या दरम्यानचं, ८३ बाय १०१ सेंटिमीटर. लेक नदीच्या काठी गोल, जाडजूड चक्की उजव्या बाजूला उभी आहे आणि आपण तिला खालून बघतोय, त्यामुळे ती आभाळात घुसते. ती मधोमध नाही हे बघा. डावीकडे पाणी आणि एक बोट, शीड ढिलं पडलंय म्हणजे वारा पडलेला आहे, आणि वर एवढे जड ढग, त्यामुळे आता काहीतरी होणार असं वाटत राहतं. चक्कीच्या पात्यांच्या तिरक्या रेषा आणि ढगांच्या तिरक्या रेषा एकमेकींना उत्तर देतात. उजवीकडे खाली वाटेवर तीन बायका आहेत, त्या सहज नजरेत येत नाहीत, पण एकदा दिसल्या की चक्कीचा आकार एकदम दुप्पट वाटायला लागतो. पुढे काठाशी पाण्यात खुंट ठोकलेले आहेत, तिथं पाण्याची बारीक चुळबुळ आहे. माझ्या दृष्टीने हे चित्र म्हणजे आख्खा कोर्स आहे, महिनाभर फक्त याचेच टोन स्टडी केले तरी वाया जाणार नाहीत.

यातून घ्यायचं ते असं. एकच मोठा आकार, तो क्षितिज ओलांडून आकाशात गेला पाहिजे, बाजूला सरकवलेला पाहिजे आणि त्याच्या मागे आकाशाचा टोन विचार करून ठेवलेला पाहिजे, आकार काळा तर मागे उजळ, आकाराला ऊन लागलंय तर मागे काळा ढग. माणसं शेवटी आणि बारीक. राउसडालच्या बऱ्याच चित्रांमधली माणसं त्याने स्वतः काढलेलीच नाहीत, बेर्खेम, आद्रियान फान डे वेल्डे, योहानेस लिंगेलबाख अशा लोकांनी काढून दिली, तेव्हा ती पद्धतच होती. तेव्हा माणसाचं चित्रण येत नाही म्हणून लँडस्केप अडवून ठेवू नका, दोन ठिपके आणि एक लाल कपडा एवढ्यावर भागतं.

झाडांबाबत मात्र तो सूट देत नाही. त्याच्या आधी बऱ्याच चित्रांमधे झाड म्हणजे नुसतं झाड असायचं, याच्याकडे ओक आहे, बीच आहे, बर्च आहे, जाणकाराला जात ओळखता येते. म्हणून एक झाड निवडा आणि त्याचाच पिच्छा पुरवा, खोड जमिनीतून कसं निघतं, फांदी कुठं मोडलीय, सालीला कुठं चीर आहे, पानांचे गठ्ठे कुठं दाट आणि कुठून आकाश दिसतं. पानं एकेक काढत बसायचं नाही, आधी गठ्ठ्याचा काळा आकार, मग त्यावर उजेडाच्या बाजूला थोडी सुटी पानं. त्याची सुकलेली, वाकलेली, अर्धी मेलेली झाडं तर खास आहेत, गर्द झाडीत एकच पांढुरकं मेलेलं खोड ठेवतो आणि सगळी नजर तिकडे ओढतो. हिरव्याचा एक धोका सांगतो, त्याच्या काही चित्रांमधली झाडी आज निळसर किंवा काळपट दिसते, ती अशीच रंगवली असं समजून कॉपी करू नका, त्या काळचे सेंद्रिय पिवळे रंग उजेडाने उडून जायचे आणि मागे निळा उरायचा. तसंच स्माल्ट नावाचा काचेचा निळा रंग तेलात कालांतराने करडा पडतो, त्यामुळे त्या काळचं एखादं आकाश फारच राखाडी वाटलं तर ते मूळचं तसं असेलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची मोकळीक. समोर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं बंधन त्याने स्वतःवर कधीच घातलं नाही. बेंटहाइमचा किल्ला बघा, त्याने तो डझनाहून जास्त वेळा रंगवला, आणि डब्लिनच्या नॅशनल गॅलरीतल्या १६५३ च्या चित्रात तो किल्ला दाट झाडीच्या उंच डोंगरावर बसलाय. प्रत्यक्षात ती एक बुटकी टेकडी आहे. त्याने किल्ला नीट बघितला, दगड नीट बघितला, आणि डोंगर स्वतः वाढवला. ज्यू दफनभूमीच्या चित्रातही तेच, याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक ड्रेस्डेनला, दुसरी मोठी डेट्रॉइटला. ॲमस्टरडॅमजवळच्या आउडरकेर्कमधल्या पोर्तुगीज ज्यू लोकांच्या कबरी त्याने जागेवर बसून रेखाटल्या होत्या, ती रेखाटनं हार्लेमच्या टायलर्स म्युझियममधे आहेत, त्यामुळे चित्रातल्या कबरी आजही ओळखता येतात. पण मागचे भग्न अवशेष, टेकड्या, खळाळता ओढा, मेलेलं झाड, इंद्रधनुष्य हे सगळं त्याने बाहेरून आणून तिथं मांडलं. म्हणजे तपशील खरे, मांडणी आपली. तुम्हीही तसंच करा, स्केचबुकमधे वेगवेगळ्या ठिकाणचे खरे तपशील जमवा, एक झाड इथलं, एक भिंत तिथली, आणि चित्राला जशी गरज असेल तशी रचना करा. न बघितलेलं झाड मनाने काढाल तर ते लगेच उघडं पडतं, पण बघितलेलं झाड हलवून दुसरीकडे लावलं तर कुणालाही खटकत नाही.

धबधबे करायचे असतील तर ते नंतर. त्याने स्कँडिनेव्हियन धाटणीचे धबधबे पुष्कळ रंगवले, बरेचसे उभ्या आकाराचे, पण तो स्वतः तिकडे गेलेला नव्हता, १६४४ मधे तिकडे जाऊन आलेल्या अ‍ॅलार्ट फान एव्हरडिंगनच्या चित्रांवरून त्याने ते घेतलं. तिथंही सूत्र तेच चालतं, पांढरा फेस म्हणजे जमिनीवर पडलेलं ऊन असं समजा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती दाबून ठेवा. त्याचा शिष्य मेंडर्ट हॉबेमा, त्याची चित्रं शेजारी ठेवून बघायलाही मजा येते, हॉबेमाकडे ऊन सगळीकडे खेळतं, झाडीतून झिरपतं, वातावरण हसरं असतं, आणि राउसडाल ऊन राखून राखून खर्च करतो. दोघांची एकेक कॉपी करा, फरक हाताला कळेल.

चित्र होत आलं की फोनने फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. पहिल्या थंबनेलशेजारी ठेवून बघा. उजळ जागा तेवढ्याच राहिल्यात का, की काम करता करता इथं जरा हायलाइट, तिथं जरा हायलाइट करत सगळं चित्र सारखंच उजळलंय, बहुतेकदा हेच झालेलं असतं. तसं असेल तर भिऊ नका, रंग वाळला की रॉ अंबर आणि थोड्या अल्ट्रामरिनचं पातळ ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारा पारदर्शक थर, करून फोरग्राउंडवर आणि नको असलेल्या पट्ट्यांवर फिरवा, तेल खालच्या थरापेक्षा किंचित जास्त ठेवा म्हणजे पुढे तडे जात नाहीत. सावली बसली की परत फोटो काढा, आणि प्रत्येक उन्हाच्या पट्ट्यावर बोट ठेवून वर बघा, हे ऊन ढगांच्या कुठल्या फटीतून आलं. ज्या पट्ट्याला फट सापडत नाही तो पट्टा पुसा, किंवा वर ढगात फट करा.